कोलेस्टेरॉल वाढलंय: साबुदाण्याच्या गोळ्या की स्टॅटिन?

ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट पडलाय किंवा बायपास झालीय, त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही. त्यांच्यापुढे निवड उरलेलीच नसते. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांनी घ्यावी, आणि कुणी ती बंद करून गोड गोळ्यांवर या म्हणत असेल तर त्याच्या दारात पुन्हा जाऊ नये.

हे आहे मधल्या लोकांसाठी. वय चाळीस-पन्नास, त्रास काही नाही, विम्याच्या नाहीतर नोकरीच्या तपासणीत लिपिड प्रोफाइल निघतं आणि एलडीएलपुढे, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात त्यापुढे, जाड अक्षरात एकशे साठ-सत्तरचा आकडा छापून येतो. फॅमिली डॉक्टर म्हणतात, गोळी सुरू करू. घरी आलं की मेव्हणा म्हणतो, ती गोळी एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही भाऊजी, आमच्याकडं एक होमिओपॅथीवाले हैत, मुळापासून काढतात. आणि माणूस अडकतो.

मी लातूरचा. आडत आहे, सोयाबीन, तूर, हरभरा. माझा आकडा होता एलडीएल 172, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) 240 आणि ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल जेमतेम 36. शिवाय वडील बावन्नाव्या वर्षी हार्टनं गेलेले. मी आधी होमिओपॅथी केली, पुढे स्टॅटिनवर, म्हणजे ॲलोपॅथीतल्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीवर आलो आणि आज स्टॅटिनवरच आहे. त्यामुळे माझं माप कुणीकडे झुकतंय हे लपवण्यात अर्थ नाही. तरी दोन्हीकडचं जसं दिसलं तसं सांगतो. मी डॉक्टर नाही. शेवटचा निर्णय तुम्ही आणि तुमचे डॉक्टर मिळून घ्या.

आधी होमिओपॅथीचं चांगलं ते सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी मला जितका वेळ दिला तितका आजवर कुठल्या डॉक्टरनं दिलेला नाही. झोप कशी लागते, स्वप्नं कसली पडतात, गोड जास्त आवडतं की खारट, थंडी सोसते की ऊन, घाम डोक्याला येतो की पायाला. राग लवकर येतो का, असं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. शेजारी बसलेल्या सौ. म्हणाल्या, येतो म्हणून लिहा. डॉक्टरांनी येतो असंच लिहिलं. वडिलांचं बोलता बोलता निघालं तर ते पेन खाली ठेवून ऐकत बसले. बाहेर पडताना मला हलकं वाटलं होतं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं.

याउलट हार्टच्या डॉक्टरांकडे सकाळी नंबर लावा, दुपारी आत जा. ईसीजी आधीच काढलेला असतो, ते रिपोर्टवर नजर टाकतात, बीपी बघतात, चार ओळी लिहितात आणि तुम्ही उठायच्या आत पुढचा पेशंट दारात उभा असतो. मधेच औषध कंपन्यांचे बॅग घेतलेले दोन एमआर आत जाऊन येतात ते वेगळंच. तुम्हाला ऐकून घेणारा माणूस हवा असेल तर होमिओपॅथी इथं सरळ जिंकते.

पण याच प्रश्नोत्तरात एक गोष्ट मला खटकायला लागली होती. होमिओपॅथीचा सगळा डोलारा लक्षणांवर उभा आहे. हानेमान या जर्मन डॉक्टरनं 1796 साली मांडलेलं सूत्रच तसं आहे: धडधाकट माणसात जे द्रव्य जी लक्षणं उभी करतं, तेच अगदी सूक्ष्म करून त्या लक्षणांच्या रोग्याला द्यायचं. आता वाढलेल्या कोलेस्टेरॉलला लक्षणच नसतं. दुखत नाही, खाजत नाही, दम लागत नाही. काहींच्या पापण्यांवर पिवळसर चट्टे येतात, पण बहुतेकांना तेही नाहीत. रक्तवाहिनीच्या अस्तरात वर्षानुवर्षं थर साचत जातो आणि कित्येकांना पहिलं लक्षण कळतं ते थेट अटॅकच्या रूपात. मग डॉक्टर जे लिहून घेत होते ते माझ्या रागाचं, घामाचं आणि गोड खाण्याचं होतं. त्यांचं उत्तर तयार होतं की आम्ही रोगाला नाही, प्रकृतीला औषध देतो. त्यांच्या चौकटीत ते बरोबर असेलही. माझ्या मनात एवढंच यायचं की वडिलांची प्रकृती तर उत्तम होती. पोतं उचलायचे.

रिपोर्टचं बोलायचं तर गोळ्या सुरू असताना माझा एलडीएल एकदा 166 आला आणि पुढच्या वेळी 175. पहिल्या वेळी डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. दुसऱ्या वेळी म्हणाले, सुरुवातीला आत दडलेलं बाहेर पडतं, पॉवर वाढवू. आकडा उतरला तरी औषधाचा गुण आणि चढला तरी औषधाचाच गुण, हे गणित धंद्यात मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला उधारीवर माल दिला नसता. खरं म्हणजे हे दोन्ही आकडे जवळपास एकच धरायचे. एवढी वर-खाली औषधाशिवायही होत असते. लॅब बदलली, नुकताच ताप येऊन गेला, वजन एखाद-दोन किलो हललं तरी होते. ट्रायग्लिसराइड तर लग्नसराईच्या आठवड्यात तपासलं की हमखास चढलेलं दिसतं. त्या काळात मी संध्याकाळची भजी सोडली होती, पहाटे फिरायला जात होतो. त्यातला गुण कुणाच्या खात्यावर लिहायचा?

एवढं होऊनही मी कदाचित त्याच गोळ्या घेत राहिलो असतो. सवय लागते. शिवाय डॉक्टर भला माणूस. माझं ठरलं ते वेगळ्याच कारणानं, आणि ऐकायला ते क्षुल्लक वाटेल.

दाढ काढायची होती. दाताच्या डॉक्टर मॅडमनी खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "काका, कुठल्या गोळ्या चालू आहेत? रक्त पातळ व्हायची वगैरे?" मी म्हणालो, होमिओपॅथीच्या आहेत, हार्टसाठी. "कोणत्या?" मी खिशातून बाटल्या काढून दिल्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन बाटल्या. एकीच्या लाल झाकणावर बॉलपेननं "1" लिहिलेलं, दुसरीवर "2", खाली "रात्री 4". बस. ना औषधाचं नाव, ना पॉवर, ना तारीख, ना कंपनी. सोबत पांढऱ्या कागदाच्या पुड्या, त्यांच्यावर तर आकडाही नाही. मॅडमनी बाटली उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. मी दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टरसाहेब बाहेरगावी गेलेत मालक. गोळ्या साध्याच हैत, काढा की दाढ बिनधास्त."

मॅडमनी दाढ काढली नाही. नाव कळवा, मग बघू म्हणाल्या. मी सुजलेला गाल घेऊन घरी.

पुढं डॉक्टर भेटले तेव्हा विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "नाव सांगितलं की पेशंट मोबाइलवर वाचत बसतात, आणि त्यात दिलेली लक्षणं त्यांना व्हायला लागतात." यात थोडं तथ्य असेलही. आणि सगळेच असं करत नाहीत हेही सांगायला हवं. रीतसर चिठ्ठी लिहून देणारे, सीलबंद बाटली दुकानातून घ्या म्हणणारे होमिओपॅथ लातुरातच मला नंतर भेटले. पण माझ्या डोक्यातून ती बाटली जाईना. आडतीवर कुठलाही माल पट्टीशिवाय जात नाही. किती कट्टे, काय वजन, काय भाव, हमाली-तोलाई किती कापली, सगळं कागदावर. शेतकरी दोन कट्टे घेऊन आला तरी त्याच्या हातात पट्टी पडते. आणि मी महिनोनमहिने पोटात काय घालत होतो त्याची पट्टी माझ्याकडे नव्हती. उद्या रस्त्यात कोसळलो आणि मला कुणी अंबाजोगाईच्या नाहीतर घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तर ड्यूटीवरच्या डॉक्टरला घरच्यांनी सांगायचं काय? लाल झाकण, दोन नंबर?

त्यातून आणखी एक शंका येते, ती जास्त वाईट. गोळ्या नुसत्या साखरेच्या असतील तर निदान अपाय नाही. पण नाव नसलेल्या पुडीत साखरच आहे, दुसरं काही मिसळलेलं नाही, हे तरी कशावरून? माझ्या डॉक्टरांवर मला तसा संशय नव्हता, आजही नाही. पण माणूस भला आहे एवढ्या भरवशावर औषध घ्यायचं, तर मग नाव-तारीख छापायचा कायदा केलाच कशाला?

नाव मागून घेतलंत तर साधारण काय निघेल? कोलेस्टेरिनम, क्रॅटेगस, बॅरायटा म्यूर, ऑरम मेट, लायकोपोडियम, नक्स व्होमिका, ॲलियम सटायव्हा ही या कामाची नेहमीची नावं. ॲलियम सटायव्हा म्हणजे आपला लसूण. गंमत अशी की पथ्यात मला कच्चा लसूण, कांदा, हिंग आणि कॉफी बंद होती. लसणाच्या ठेच्याशिवाय भाकरी खाणं मराठवाड्यातल्या माणसाला किती जड जातं हे वेगळं सांगायला नको, आणि लसणानं कोलेस्टेरॉल थोडंसं उतरल्याचे निदान काही अभ्यास तरी आहेत.

या नावांत एक फरक मात्र ध्यानात ठेवा. पुढे 30 किंवा 200 लिहिलेलं असेल ते वेगळं आणि मदर टिंक्चर, म्हणजे पुढे क्यू लिहिलेलं असेल ते वेगळं. 30 पॉवर म्हणजे एकास शंभर या प्रमाणात तीस वेळा पातळ केलेलं. हिशेब मांडला तर एकावर साठ शून्यं. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणू सापडायची शक्यताही संपत जाते, हे अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रातल्या ॲव्होगॅड्रोच्या आकड्यावरून कुणीही पडताळू शकतो. साइड इफेक्ट नाही म्हणतात ते त्या अर्थानं शंभर टक्के खरं आहे. मदर टिंक्चरचं तसं नाही. क्रॅटेगसच्या थेंबांत खरोखर वनस्पतीचा अर्क असतो, अल्कोहोल असतं आणि हृदयाच्या इतर औषधांशी त्याचं जमेलच असं नाही. ते घेत असाल तर हार्टच्या डॉक्टरांना सांगाच.

गुण येतो की नाही याचं उत्तर मी देण्यापेक्षा ज्यांचं ते काम आहे त्यांनी दिलेलं बरं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं 61 आजारांवरचे अभ्यास चाळले आणि 2015 मध्ये निष्कर्ष काढला की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा त्यातल्या एकाही आजारात मिळत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं 2017 मध्ये आपल्या डॉक्टरांना ती लिहून देणं थांबवा असं सांगितलं. आपल्याकडे तिला कायद्याची मान्यता आहे, कॉलेजं आहेत, आयुष मंत्रालय आहे. पण हृदयविकार बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं कुठल्याच पॅथीला परवानगी नाही. बसस्टँडच्या भिंतीवर "ब्लॉकेज विनाऑपरेशन" वाचलं की हे आठवावं.

आता स्टॅटिन. अटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही आपल्याकडे चालणारी दोन मुख्य नावं. लिव्हर स्वतः कोलेस्टेरॉल तयार करतं, त्यातली एक पायरी ही गोळी अडवते; मग लिव्हर आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. मेव्हण्यासारखी मंडळी याला केमिकल म्हणतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी मला धान्याच्या धंद्यातला माणूस म्हणून फार आवडते. जपानच्या अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात हजारो बुरशा तपासून पहिलं स्टॅटिन शोधलं, आणि ते ज्या निळसर-हिरव्या बुरशीत सापडलं ती क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची होती. बाजारात विकायला परवानगी मिळालेलं पहिलं स्टॅटिन आलं 1987 मध्ये.

पुरावा म्हणाल तर ढीग आहे, एकच सांगतो. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत हृदयविकार असलेले 4,444 रुग्ण घेतले होते. अर्ध्यांना सिमव्हास्टॅटिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी. सुमारे साडेपाच वर्षांत नुसत्या गोळीच्या गटात 256 जण दगावले, स्टॅटिनच्या गटात 182. तेव्हापासून झालेल्या सगळ्या मोठ्या चाचण्या एकत्र केल्या तर ढोबळ हिशेब असा निघतो की एलडीएल 39 नं उतरलं की अटॅक-लकव्याचा धोका साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतो. आता त्यातली पडती बाजूही ऐका. तुमचा मुळातला धोकाच कमी असेल तर त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे फार काही नाही. तिशीतल्या, बिडी-तंबाखू न ओढणाऱ्या, शुगर-बीपी नसलेल्या आणि घरात कुणाला हार्टचं नसलेल्या माणसाचा एलडीएल 140 आला म्हणून लगेच गोळीमागे धावायचं कारण नाही. अशा वेळी चांगला डॉक्टर स्वतःच म्हणतो, तीन महिने खाण्यापिण्याकडे बघा, चाला, मग पुन्हा तपासू.

पाय दुखतात, हे स्टॅटिनबद्दलचं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं. माझेही दुखले. अटोरव्हास्टॅटिन 10 सुरू केल्यावर पोटऱ्या भरून यायला लागल्या. त्या वेळी सोयाबीनची आवक जोरात होती, दिवसभर उभं राहणं होत होतं, त्यामुळे दोष गोळीचा की हंगामाचा हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. डॉक्टरांनी रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढतं ते, तपासलं, ते ठीक आलं, तरी त्यांनी गोळी बदलून रोसुव्हास्टॅटिन 10 दिली. दुखणं गेलं. मग इंग्लंडमधल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेली 60 माणसं घेतली, प्रत्येकाला वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या: चार महिन्यांच्या स्टॅटिनच्या, चार महिन्यांच्या खोट्या गोळ्यांच्या आणि चार रिकाम्या. कुठल्या बाटलीत खरी गोळी आणि कुठल्या बाटलीत खोटी, हे कुणालाच ठाऊक नाही. रोजचा त्रास मोबाइलवर नोंदवायचा. 2020 मध्ये निकाल आला तो असा की खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला त्याच्या नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. निकाल दाखवल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. बिननावाच्या बाटल्या तिथंही होत्या म्हणा, फक्त शेवटी त्या उघडून दाखवल्या.

म्हणून स्टॅटिन अगदीच निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. ज्यांची शुगर सीमेवर आहे त्यांची ती थोडी लवकर सीमा ओलांडू शकते. क्वचित कुणाचे स्नायू खरंच बिघडतात. अंग जोरात दुखून लघवी गडद, चहासारखी व्हायला लागली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. काही अँटिबायोटिकांशी, विशेषतः क्लॅरिथ्रोमायसिनशी, अटोरव्हास्टॅटिनचं पटत नाही. म्हणून घसा दुखतोय म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या घ्यायची आपली सवय इथं सोडावी लागते. गरोदर बाई किंवा तसा विचार असलेल्या लेकी-सुनांनी डॉक्टरांना आधी सांगायचं. सुरू करायच्या आधी लिव्हरची तपासणी करून घ्यायची.

आणि मेव्हण्याचं ते वाक्य, एकदा लागली की सुटत नाही. हे खरं आहे, पण त्याचा अर्थ व्यसन लागतं असा नाही. गोळी बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल होतं तिथं परत जातं, एवढंच. मला स्वतःला याचा कंटाळा येतो हे कबूल. गावाला जाताना पाकीट विसरणं, संपल्यावर मेडिकलवाल्यानं "तीच आहे, दुसऱ्या कंपनीची" म्हणून वेगळं पाकीट पुढे करणं, हे दर महिन्याचं. पण त्या पाकिटावर औषधाचं नाव छापलेलं असतं, मिलिग्रॅम असतात, मुदत असते, किंमत असते. मी चष्मा लावून वाचतो, नाव आणि मिलिग्रॅम तेच असेल तर घेतो. जनऔषधीच्या दुकानातून घेतली तर महिन्याचा खर्च इतका किरकोळ येतो की पैशाच्या बाबतीत तुलना करायची गरजच उरत नाही. माझ्या गोड गोळ्यांची फी त्याच्या कितीतरी पट होती.

आकडा सांगतो आणि पुढे जातो. अटोरव्हास्टॅटिनवर माझा एलडीएल 108 आला, रोसुव्हास्टॅटिनवर 91. वडिलांचा इतिहास बघून डॉक्टरांना तो अजून खाली हवाय. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं 2024 मध्ये आपल्या लोकांसाठी जी मर्यादा घालून दिली ती कमी धोक्याच्या माणसाला 100 च्या खाली, शुगर-बीपीसारखा जास्त धोका असेल तर 70 च्या खाली आणि अटॅक वगैरे होऊन गेलेल्यांना 55 च्या खाली अशी आहे. आपल्याकडे अटॅक लवकर येतो हे त्यामागचं एक कारण. बावन्न देशांच्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला. त्याच सोसायटीनं लायपोप्रोटीन ए नावाची तपासणी आयुष्यात एकदा करा असंही सांगितलंय. घरात कुणी कमी वयात गेलं असेल तर ती करून घ्याच.

दोन्ही एकदम घेतलं तर? माझे उदगीरचे साडू तेच करतात. सकाळी साबुदाण्याच्या गोळ्या, रात्री स्टॅटिन. रिपोर्ट छान आहेत आणि ते श्रेय सकाळच्या गोळ्यांना देतात. मी वाद घालत नाही. रात्रीची गोळी चुकवत नाहीत ना, एवढंच विचारतो. होमिओपॅथी सोडवत नसेल तर हा मार्ग वाईट नाही, फक्त दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचं ठाऊक असलं पाहिजे.

इथं आपल्या भागातली एक अडचण सांगायला हवी. खेड्यात पाटी होमिओपॅथीची असली तरी आत इंजेक्शन-सलाइन चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना आधुनिक औषधं लिहायची वाट मोकळी करण्यात आली, त्यावर दोन्ही बाजूंनी अजून भांडण सुरू आहे. त्या भांडणात मी पडत नाही. रात्री-बेरात्री खेड्यात दार उघडणारा तोच एक डॉक्टर असतो. त्यामुळे बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवी, म्हटलं की गोड गोळ्या असं समजू नका; तुमचे गावातले डॉक्टर स्वतःच स्टॅटिन लिहून देत असतील, किंवा लातूर-नांदेडला दाखवून या म्हणत असतील, तर तो माणूस धरून ठेवा.

तेलाबद्दल दोन शब्द, कारण तो माझा विषय. भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी यांना उगाच बदनाम केलं जातं. हॉटेलातलं वारंवार तापवलेलं पामतेल, बेकरीची खारी आणि लग्नातल्या जेवणाचं वनस्पती तूप, बघायचं ते इथं. करडईचं तेल आपल्याकडं पिढ्यानपिढ्या होतं. सोयाबीन आलं आणि करडईचं रान गेलं. तुपा-डालड्याच्या जागी करडई आली तर एलडीएल थोडं उतरतं, पण आहे त्या तेलावर करडई वाढवली तर फक्त पोट वाढतं. दोन चमचे इसबगोल रोज घेतल्यानंही थोडा फरक पडतो. ही सगळी मदत थोडीथोडकी, आणि 172 वरून 91 ला ती कुणाला नेत नाही. मला तरी नेलं नाही.

मग ठरवायचं कसं? एलडीएल 190 च्या वर असेल, चाळिशी ओलांडून शुगर असेल, किंवा वडील-भाऊ पंचावन्नच्या आत किंवा आई-बहीण पासष्टच्या आत हार्टच्या दुखण्यानं आजारी पडले असतील, तर माझ्या मते गोड गोळ्यांवर एकही महिना घालवू नका. यातलं काहीच नसेल, आकडा थोडाच वर असेल, आणि डॉक्टरांनी तीन महिने पथ्यावर राहायला सांगितलं असेल, तर तेवढ्या काळात होमिओपॅथी घ्यायची हौस फेडून घ्यायला हरकत नाही. मात्र दोन अटींवर. पुढच्या तपासणीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहायची आणि आकडा तिथंच राहिला तर पॉवर वाढवू या शब्दावर मुदत वाढवायची नाही. दुसरी अट, बाटलीवर औषधाचं नाव, पॉवर आणि तारीख लिहून मागायची. जे डॉक्टर लिहून देतील त्यांच्याकडे जा. जे हसून विषय बदलतील त्यांच्याकडे नको; बिननावाच्या बाटलीपायीच माझी दाढ काढायला उशीर झाला होता.

तपासणी दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये करा. आता उपाशीपोटीच रक्त द्यायला हवं असं राहिलेलं नाही. पण ट्रायग्लिसराइड फार वर आलं तर डॉक्टर पुन्हा उपाशीपोटी बोलावतील. आणि घरात लग्न असेल तर त्यानंतर दोन आठवडे तरी जाऊ द्या.